मिस ओडीलची पॉलिसी

वादळानं बायूवरच्या निम्म्या घरांची छपरं नेली, त्यात ओडील व्हेरेचंही नेलं. बायू म्हणजे दलदलीतून वाट काढत समुद्राकडे जाणारं संथ, काळं पाणी. त्याच्या काठानं एकच रस्ता, आणि रस्त्याला धरून खांबांवर उभी घरं. तिथली माणसं छपराचं सुतक फार दिवस पाळत नाहीत. वादळ येतं, न्यायचं ते नेतं, मग माणसं निळी ताडपत्री ठोकतात, कडक कॉफी करतात, आणि कुणाचं छप्पर कुणाच्या अंगणात सापडलं यावर महिनाभर हसतात. या खेपेला ओडीलच्या घरात मात्र कुणी हसत नव्हतं. विमा कंपनीनं फोनवर सांगितलं होतं, की या घराची पॉलिसी चालूच नाही.

"चालू नाही म्हणजे?" लिनेट फोनवर ओरडली. लिनेट ही ओडीलची एकुलती एक मुलगी. लाफाएत शहरात म्हाताऱ्या माणसांच्या एका वसतिगृहात ती नर्स होती, आणि रस्ता खुला झाल्या दिवशीच गाडी हाणत आली होती.

"मॅम, वादळाच्या दिवशी पॉलिसी बंद होती, एवढंच मला इथे दिसतंय," पलीकडची मुलगी साखरेत घोळवल्या आवाजात म्हणाली. कुठल्या राज्यात बसली होती देव जाणे. उंटावरून शेळ्या हाकायचं काम ते.

"पण का बंद झाली?"

"ते इथे दिसत नाही, मॅम. सहसा हप्ता भरला नाही की लॅप्स होते."

त्या 'सहसा'नं घात केला. लिनेटच्या कानात फक्त 'लॅप्स' उरलं. तिनं फोन ठेवला आणि आईकडे पाहिलं. ओडील ताडपत्रीखाली खुर्ची टाकून कोळंबी सोलत बसली होती. सत्तरी ओलांडली तरी तिचे हात असे चालायचे, की बघणाऱ्याला सालं आपणहून गळताहेत असं वाटावं.

"ममाँ, यंदा घराच्या विम्याचा हप्ता भरलास का?"

"भरला की."

"कधी?"

"होड्यांच्या दिवशी. दरवर्षी भरते तसा."

हे खरं होतं. वसंतात एक दिवस सगळ्या कोळंबीच्या होड्या पताका लावून चर्चच्या धक्क्यापाशी येतात, आणि फादर त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडतो. लग्न होऊन आली त्या वर्षापासून ओडील त्या सकाळी आधी विम्याच्या ऑफिसात जाऊन हप्ता भरायची आणि मग धक्क्यावर. तेही रोख, कोळंबीवाल्यांच्या घरात चेक लिहायची पद्धत नव्हती. "होडीला फादर आहे, घराला कोण आहे? घराला कंपनी," असं ती म्हणायची. नवरा विल्सन वारला, होडी त्याच्या चुलतभावाकडे, उलिसकडे गेली, तरी तिचा नेम चुकला नाही.

पण लिनेटला एक गोष्ट आठवत होती, आणि ती आठवत नसती तर बरं झालं असतं.

"ममाँ, यंदा होड्यांचा दिवस झालाच नाही. पाणी चढलं म्हणून फादरनं पुढे ढकलला, आणि मग राहूनच गेला. तूच मला फोनवर सांगितलंस."

ओडीलचे हात थांबले. "हो, झाला नाही खरा. पण मी भरला."

"कुणाकडे?"

"त्या नव्या पोरीकडे. रेनाटा पित्र. जाडी आहे, फार बोलते."

रेनाटा पित्रच्या ऑफिसात कमरेएवढं पाणी शिरलं होतं. फोन मुका होता, आणि ती बहिणीकडे टेक्सासला गेली आहे, एवढीच बातमी होती. तेव्हा तिला विचारायची सोय नव्हती. हप्त्याची पावती जिथे होती तो कप्पा भिंतीसकट बायूत गेला होता. लिनेटनं आणखी काही विचारलं नाही. विचारायची गरज तिला वाटली नाही, हे जास्त वाईट झालं.

असली माणसं ती रोज बघत होती ना! विसरलेलं माणूस 'मी विसरलो' असं कधी म्हणत नाही. आठवणीत खड्डा पडला की तो जुन्या आठवणीनं भरून टाकतं, आणि देवाची शपथ घेऊन सांगतं. तिच्या वसतिगृहातले एक आजोबा रोज सकाळी आत्ताच गाईचं दूध काढून आल्याचं सांगायचे. गाई विकून त्यांना जमाना झाला होता. जो दिवस झालाच नाही त्या दिवशी आई हप्ता भरून आली होती. आणखी काय पुरावा हवा?

पुरावा हवा होता तर तोही मिळाला. दुसऱ्या दिवशी चिखल उपसता उपसता लिनेट न्हाणीत गेली, तर टबात टॉवेलात गुंडाळून, तान्हं मूल निजवावं तशी, टपालपेटी ठेवलेली. रस्त्याकडेला खांबावर असते ती पत्र्याची पेटी. वर झेंडीबिंडीसकट.

लिनेट टबाच्या काठावर बसली आणि तोंड दाबून रडली. आजीनं, म्हणजे ओडीलच्या आईनं, शेवटी शेवटी चपला भाताच्या पातेल्यात ठेवायला सुरुवात केली होती. घरातल्या बायकांच्या नशिबात हेच आहे, असं तिला वाटलं. डोळे पुसून ती बाहेर आली, गाडीत बसली, आणि आपल्या वसतिगृहाच्या बाईंना फोन लावला. बागेकडची एक खोली रिकामी होती. बाई भल्या होत्या. म्हणाल्या, संतांच्या दिवसापर्यंत ठेवते तुझ्या आईसाठी.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, संतांच्या दिवशी, बायूवरची माणसं आपापल्या मेलेल्यांच्या थडग्यांना चुना लावतात. म्हणजे वडिलांच्या थडग्याला चुना लावून झाला, की आईला घेऊन निघायचं. हिशोब चोख बसला. लिनेट हिशोबाला पक्की होती.

आईला सांगायला तिनं दोन दिवस लावले. सांगितलं तेव्हा नोंक उलिस तिथेच होता. नोंक म्हणजे तिकडचा काका. गुडघ्यापर्यंत पांढरे रबरी बूट, अंगाला डिझेलचा वास, आणि पोटात काहीही ठेवता न येणारा माणूस.

"लाफाएत?" तो म्हणाला. "तिथे पाणी कुठाय?"

"नळाला आहे," लिनेट म्हणाली.

"नळाच्या पाण्यात कोळंबी नसते, पोरी."

"नोंक उलिस, छप्पर नाही, विमा नाही. नवं छप्पर कशाचं घालायचं? तुमच्या जाळ्यांचं?"

उलिस गप्प झाला. ही दुर्मिळ गोष्ट होती, आणि ओडीलनंही ती पाहिली. ती उठली, चुलीवरचं भांडं उगाच हलवलं आणि पाठमोरीच म्हणाली, "मी भरला होता, लिनेट."

"बरं, ममाँ."

ते 'बरं, ममाँ' लिनेटच्या तोंडून कसं आलं हे तिचं तिलाच ऐकू गेलं. आजोबांच्या दुधाच्या गोष्टीला ती रोज जसं 'बरं, आजोबा' म्हणायची, तसंच. ओडीलच्याही कानाला ते लागलं. म्हातारीचे कान फार तिखट होते.

त्यानंतर ओडील भांडली नाही, हेच लिनेटला खायला उठलं. भांडणारी आई तिला माहीत होती. बर्फाचे भाव वाढवणाऱ्या दलालाला याच बाईनं धक्क्यावर सगळ्यांसमोर इतकं झाडलं होतं, की तो पुढे तिला बघून रस्ता बदलायचा. तीच बाई आता मुकाट्यानं खोकी भरत होती. संध्याकाळी पायऱ्यांवर दोघी बसल्या असताना ती हळूच म्हणाली, "विसरले असेन मी, बाळा. माझी आईपण पहिल्या पहिल्यांदा अशाच शपथा घ्यायची. तिलाही सगळं असंच स्वच्छ आठवायचं. मग माझं आठवणं खरं कशावरून?"

लिनेटनं आईच्या खांद्यावर हात टाकला. आई घाबरली होती, आणि छप्पर गेलं म्हणून नव्हे.

*

बँक उघडली तेव्हा तिघं तिथे गेली. उलिसचा ट्रक होता म्हणून उलिस. खातं लाफाएतच्या शाखेत न्यायचं होतं. काउंटरवरच्या मुलीनं ओडीलला बघून उठून हात दिला. बायूवर बाईला, लग्न झालेली असो की विधवा, आदरानं 'मिस'च म्हणतात.

"मिस ओडील, घर कसंय?"

"हवेशीर," ओडील म्हणाली.

मुलगी हसली, तिनं खातं उघडून पाहिलं आणि म्हणाली, "हे तुमच्या विमा कंपनीनं पाठवलेले पैसे तसेच पडलेत हो. काढलेच नाहीत तुम्ही."

"वादळाची मदत असेल," लिनेट घाईनं म्हणाली. "तेही लाफाएतला जाऊ द्या."

"वादळाची कशी, मिस लिनेट? हे जुलैतले आहेत."

वादळ आलं होतं ऑगस्ट सरताना. लिनेटनं खांदे उडवले. कसली तरी सूट असेल, चूक असेल. ती सहीसाठी पेन शोधायला लागली. पण ओडील काउंटरला दोन्ही हात टेकून उभी राहिली होती, आणि तिच्या कपाळाला एक बारीक आठी पडली होती. ती आठी लिनेटनं लहानपणी हजारदा पाहिली होती. दलाल कोळंबी तोलायचा तेव्हा काट्याकडे बघताना आईच्या कपाळाला पडायची ती.

"थांब," ओडील म्हणाली. "लिनेट, सही थांबव. कोळंबी तुझ्या बापानं विकली, पण पैशाकडे कोण बघायचं?"

"तू, ममाँ. पण..."

"मग मला सांग. एखाद्या गिऱ्हाइकानं मला पैसे दिलेच नाहीत, तर मी त्याला परत काय देईन?"

"काहीच नाही."

"शिव्या देईन," ओडील म्हणाली. "पैसे नाही. आता ही कंपनी. मी तिला यंदा छदाम दिला नाही, असं तू म्हणतेस. मग तिनं मला परत काय दिलं?"

काउंटरवरची मुलगी आ वासून बघत होती. उलिसनं टोपी काढली, जशी तो चर्चमध्ये काढायचा.

"आणि धर्मादाय म्हणून दिलं म्हणशील," ओडील पुढे म्हणाली, "तर विमा कंपनी धर्म करते असं मला सांगू नकोस. तसं मी म्हटलं, तर मात्र खुशाल मला लाफाएतला ने."

लिनेटच्या हातातलं पेन तसंच राहिलं. आपण रोज डझनभर म्हाताऱ्यांना वार विचारतो, महिना विचारतो, शंभरातून सात वजा करायला लावतो. आणि ही बाई छपराविना महिना काढून, मनात भीती घेऊन, उभ्या उभ्या असा सरळ विचार करते. लिनेटला लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही मोठं काहीतरी वाटलं. आपली आई किती हुशार आहे, हे ती लहानपणी जगाला ओरडून सांगायची. मधल्या काळात ते कुठे गेलं होतं कोण जाणे.

"चला," ओडील म्हणाली. "त्या जाड्या पोरीला शोधू."

*

रेनाटा पित्र परतली होती. ऑफिस वाळेपर्यंत तिनं वाण्याच्या दुकानाशेजारी चाकांवरचं एक फिरतं घर उभं केलं होतं. बाहेर खुर्च्या, खुर्च्यांवर गावातली रांजलेली माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात रेनाटाची कॉफी. ओडीलला बघताच ती आतूनच ओरडली.

"मिस ओडील! जिवंत आहात! मी बहिणीला म्हटलं होतं, त्या बाईला वादळ न्यायला गेलं तर वादळच परत येईल!"

"मी यंदा हप्ता भरला होता का गं?" ओडीलनं सरळ विचारलं. आवाज शांत होता, पण तिनं लिनेटचं मनगट घट्ट धरलं होतं.

"हे काय विचारता? होड्यांच्या दिवशी आलात की! निळा झगा, डोक्यावर हॅट. फादरनं कार्यक्रम ढकलल्याचं तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. येताना वाटेत धक्क्यावर बघता तर नुसतं पाणी. ऑफिसात येऊन मला म्हणालात, फादर बुडाला, आता निदान तू तरी पैसे घे. मी आठवडाभर हसत होते. खात्याचा नंबरही मीच लिहून घेतला तेव्हा, नवी पद्धत म्हणून."

लिनेटच्या मनगटावरची पकड सुटली. ओडील खुर्चीत बसली. तिनं मोठा श्वास घेतला आणि एवढंच म्हणाली, "निळा झगा. हो." तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिनं कुणाला पुसू दिलं नाही.

रेनाटानं तोवर यंत्रावर पॉलिसी काढली होती. ती वाचता वाचता तिची बडबड थांबली.

"ही लॅप्स नाही. ही रद्द केलीय."

"एकच की," उलिस म्हणाला.

"एकच? नोंक उलिस, कंदिलात तुम्ही तेल घातलं नाहीत आणि तो विझला, ते लॅप्स. दोष तुमचा, बसा अंधारात. पण कंदील भरलेला आहे, छान जळतोय, आणि कुणी येऊन फुंकर मारली, तर ते रद्द. आणि आपल्याकडे कायदा असा, की फुंकर मारणाऱ्यानं आधी घरच्यांना सांगायचं. गुपचूप मारलेली फुंकर चालत नाही. उरलेलं तेलही परत द्यावं लागतं. म्हणून ते तुमच्या खात्यातले पैसे."

"पण फुंकर मारली कशाला?" लिनेटनं विचारलं.

रेनाटानं वाचलं. "घर रिकामं आहे. आत सामान नाही, दारं नाहीत, टपालपेटी नाही. वस्ती नाही. आणि हे बघा, शेजाऱ्यानंही तसंच सांगितलं."

आता ते वादळाच्या आधीचं पाहुणं-वादळ लिनेटला आठवलं. जुलैच्या तोंडावर एक आलं होतं आणि हूल देऊन भलतीकडे गेलं होतं. व्हेरेंच्या घराण्याची रीत अशी, की वादळाची वर्दी आली की घर उतरवायचं. बाकीचे लोक खिडक्यांना फळ्या ठोकून पळतात. व्हेरे गाद्या, भांडी, पडदे, आतली दारंसुद्धा बिजागऱ्यांसकट काढून, सगळं उंचावरच्या उलिसच्या कोठारात नेऊन ठेवतात. घर वाऱ्याला मोकळं करून द्यायचं, म्हणजे वारा हात हलवत निघून जातो, असं विल्सनचा बाप म्हणायचा. ओडील तेव्हा उलिसच्या घरी जाऊन राहिली होती. एका वादळामागे त्याची बहीण येते म्हणून सामान लगेच परत आणलं नव्हतं. आणि नेमका तेव्हाच कंपनीचा माणूस घरं बघत फिरत होता.

"पण शेजारी कोण?" रेनाटानं विचारलं. "त्या टोकाला शेजारी एकच आहे."

सगळ्यांनी उलिसकडे पाहिलं. उलिस आपल्या बुटांकडे बघत होता.

"पांढऱ्या गाडीतून आला होता," तो शेवटी म्हणाला. "इस्त्रीचा शर्ट. हातात कॅमेरा. मला विचारतो, या घरात कोण राहतं? आता तुम्हीच सांगा, इथे एकटी विधवा बाई राहते असं मी कुणा उपऱ्याला सांगू? माझा भाऊ थडग्यातून उठून आला असता."

"मग काय सांगितलंस?" ओडीलनं विचारलं.

"म्हटलं, कुणी राहत नाही." तो थांबला. "म्हटलं, एक कुत्रा आहे, तो चावतो."

रेनाटानं पडद्यावर बोट फिरवलं. "कुत्र्याचं लिहिलेलं नाही."

पहिली हसली ती ओडील. अशी हसली, की बाहेरच्या खुर्च्यांवरची माणसं डोकावायला लागली. उलिस ओशाळून रडकुंडीला आला होता. "तुझं छप्पर मीच घालवलं, ओडील," तो म्हणत होता, आणि ती त्याच्या पाठीवर थापा मारत म्हणत होती, "गप रे. राखण चांगली केलीस. इतकी चांगली, की घरमालकिणीलाच हाकललंस."

मग रेनाटानं कंपनीला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला. बरंच संगीत ऐकल्यावर एक माणूस आला.

"रद्द करण्याआधी नोटीस दिली होती का?" रेनाटानं विचारलं.

"दिली असेल."

"असेल नको. पाठवल्याची नोंद दाखवा."

पलीकडे खुडबुड झाली. "ती आत्ता दिसत नाहीये. पण रीतीप्रमाणे घराच्या पत्त्यावर जाते."

तेव्हा ओडील पुढे वाकली. "साहेब, त्या घरात कुणी राहत नाही असं तुम्हीच लिहिलंय ना? मग पत्र कुणाला पाठवलंत? कुत्र्याला?"

फिरतं घर हास्यानं हललं. पलीकडचा माणूस मात्र हसला नाही. तो म्हणाला, मी वरिष्ठांशी बोलून कळवतो. रेनाटानं फोन ठेवला, टेबलाला वळसा घालून आली आणि ओडीलचे दोन्ही गाल धरून मुका घेतला.

"पत्र गेलेलंच नाही, मिस ओडील. ती नोंद त्यांना जन्मात सापडायची नाही. आणि सांगितल्याशिवाय रद्द म्हणजे रद्द नाहीच. तुमचा कंदील वादळाच्या दिवशी जळत होता. आता मला भांडू द्या. मला दुसरं काही येत नाही, पण हे येतं."

*

परतताना ट्रकात ओडील मधे बसली होती. बरंच अंतर गेल्यावर लिनेटनं विचारलं.

"ममाँ, टपालपेटी टबात का ठेवली होतीस?"

"वादळात दुसरीकडे कुठे ठेवू? तू लाफाएतला गेलीस त्याच्या पुढच्या वर्षी उडाली होती. या उलिसच्या ट्रकाच्या काचेतून आत गेली ती."

"मांडीवर येऊन बसली माझ्या," उलिस म्हणाला. "आत वीजबिल होतं. ते पण माझंच."

"तेव्हापासून प्रत्येक वादळात काढून ठेवते. टॉवेल यासाठी, की टबाला ओरखडे नकोत." ओडीलनं मुलीकडे पाहिलं. "तू हे आज विचारतेस. बघितलीस तेव्हा का नाही विचारलंस?"

उत्तर लिनेटला ठाऊक होतं. नर्सच्या नजरेनं बघितलं होतं म्हणून. पेटी दिसली आणि तिनं आईला न विचारता आईबद्दल मनात लिहून टाकलं होतं, वस्ती नाही. इस्त्रीच्या शर्टवाल्यानं तरी शेजाऱ्याला विचारलं होतं.

"चुकलं माझं, ममाँ," ती म्हणाली.

ओडीलनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि घर येईपर्यंत उचलला नाही.

कंपनी सहजासहजी वाकली असं नाही. पण रेनाटानं त्यांचा असा पिच्छा पुरवला, की शेवटी भीक नको पण कुत्रं आवर अशी त्यांची गत झाली. एक दिवस त्यांचा माणूस शिडी घेऊन आला, छपराच्या जागी असलेल्या आभाळाखाली उभा राहिला, आणि मोजमापं घेऊन गेला. जाताना त्यानं उलिसला विचारलं, कुत्रा बांधलाय ना? ऑक्टोबर उतरायच्या आत नवं छप्पर चढू लागलं, आणि बायूवरची माणसं येता-जाता ठोकाठोकी ऐकून हॉर्न वाजवायला लागली.

संतांच्या दिवसाच्या आदल्या सकाळी ओडील पायऱ्यांखाली बादलीत काठीनं चुना कालवत होती. विल्सनच्या थडग्यासाठी चुना घट्ट लागतो, पातळ त्याला चालायचा नाही, असं ती उलिसला सांगत होती. वर छपरावर माणसं शेवटच्या पाट्या ठोकत होती. लिनेट सुट्टी काढून आली होती आणि माणसांसाठी कॉफी गाळत होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. वसतिगृहाच्या बाई होत्या.

"लिनेट, ती बागेकडची खोली. उद्यापर्यंत ठेवली होती मी. येताय ना?"

"नाही, बाई. आई येणार नाही."

"काही हरकत नाही. तुला काही करायला नको. उद्या तुम्ही आला नाहीत, की ती आपोआप लॅप्स होईल."

लिनेटनं कॉफी बाजूला ठेवली. खाली आईचा हात बादलीत गोल गोल फिरत होता, पण मान किंचित कलली होती. ते कान तिखट होते. लिनेट फोन घेऊन पायऱ्या उतरली आणि आईच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली.

"नाही, आपोआप नको, बाई," ती मोठ्यानं म्हणाली. "रद्द करा. मी रद्द केली म्हणून लिहा, माझ्या नावानं. आणि हे मी आईला सांगून करतेय. ती इथेच आहे."

पलीकडून बाई काहीतरी म्हणाल्या, लिनेटनं आभार मानले आणि फोन खिशात टाकला. छपरावरचा हातोडा थांबला होता. उलिस दोघींकडे आळीपाळीनं बघत होता.

ओडीलनं काठी बादलीच्या काठावर आपटून चुना झटकला.

"बरं," ती म्हणाली. "नोटीस मिळाली. आता ती कॉफी वर ने, माणसं थांबलीत."